मध्यंतरापर्यंतची रिळं

मार्गासनी
रविवार

प्रिय धनश्री,

मंगलला मुलगी झाल्याचं कळल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणते आहे, आणि रोज काहीतरी नवं घडतंय म्हणून पत्र पुढं ढकलते आहे. फोन करता आला असता. पण इचलकरंजीच्या त्या दोन खोल्यांत तू, बाळंतीण, तिची सासू आणि तो मोबाईल असे सगळे एकाच खाटेवर बसलेले असता. मी इथून बोलले की आधी विहीणबाईंना ऐकू जातं आणि मग तुला. शिवाय मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक बातमी आहे, मोठी आणि गोड. दुसरी एक कबुली आहे, एकोणीस वर्षं पोटात ठेवलेली. ती वाचल्यावर तू मला अक्का म्हणशील की नाही हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच भीतीनं मी आजवर गप्प बसले. म्हणून आधी बातमी. तू मधली पानं सोडून शेवटाकडे पळू नकोस. तुमच्या घरात सगळ्यांना शेवटच पाहायची सवय आहे, मला ठाऊक आहे.

तर बातमी अशी, की तुझा नवरा आमच्या घरी राहायला आलाय. आज बारावा दिवस. एकटा नाही, मागोमाग तुमच्या घरातली सगळी रिळंही टेम्पोतून आली. तुला त्यांनी काही सांगितलं नसणार. ‘जेवलो, बरा हाय, ठेव’ यापलीकडे मानसिंगभावजी फोनवर कधी गेलेत? तू भोरच्या घरी जी चटणी भरून ठेवली होतीस ती तशीच आहे, आणि कुंडीतली तुळस शेजारणीकडे दिली आहे. काळजी करू नकोस. सध्या ते आमच्या ओसरीवर बसून ह्यांच्याशी भांडतायत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोघं भाऊ भांडतायत आणि मला ते ऐकत भाकरी थापायला इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू! गेली एकोणीस वर्षं ते भांडतही नव्हते, हेच तर दुखणं होतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासूनच सांगणार. मला मधूनच सांगता येत नाही. मामंजींनी, म्हणजे आपल्या सासऱ्यांनी, मेंढरं विकून सिनेमाचं मशीन घेतलं तेव्हा अख्ख्या वाडीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. पण वेल्ह्याची जत्रा म्हणू नकोस, विंझर म्हणू नकोस, नसरापूर म्हणू नकोस, वीस-पंचवीस वर्षं आपल्या तंबूवाचून जत्रा झाली नाही. शहरात चालून चालून थकलेल्या सिनेमांच्या जुन्या कॉप्या मामंजी उचलून आणायचे. एकेका सिनेमाची चौदा-सोळा रिळं, प्रत्येक रिळाला परातीएवढा गोल पत्र्याचा डबा. असे शहाऐंशी सिनेमे घरात साठले. पाहुणा आला की त्याला बसायला डब्यांची चळत पुढं करायची, देव मांडायचे ते डब्यांवर, तुझी मंगल खाटेवरून पडायची म्हणून आपण तिला डब्यांच्या बेचक्यात निजवायचो. नव्या नवरीला माहेरून आणलेली ट्रंक ठेवायला जागा नव्हती या घरात. तू लग्न होऊन आलीस त्या दिवशी मला हळूच विचारलंस, अक्का, माणसं कुठं निजतात? ते आठवलं की मी अजून एकटीच हसते.

मग ती आंबवणे गावची जत्रा. मामंजी जाऊन वर्ष झालं होतं, मशीनवर मानसिंगभावजी होते. त्यांनी अकरावं रीळ लावायचं तिथं बारावं लावलं आणि बाराव्यानंतर अकरावं. त्यामुळं ज्या माणसाला सरणावर ठेवून अग्नी दिला तोच पुढच्या रिळात मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा राहिला. लोक हसून हसून लोळले. कुणीतरी ओरडलं, “आरं, ह्यो पेटला न्हाई का नीट?” खरं तर त्यात काय एवढं? पण आमच्या ह्यांना ते वडिलांच्या नावाला काळं फासल्यासारखं लागलं. ते उठले आणि भर तंबूत, पाहुण्यारावळ्यांदेखत, पोरंबाळं असलेल्या सख्ख्या भावाच्या कानाखाली मारली. त्या वेळी तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तुझा हात माझ्या हातात होता, तो तू काढून घेतलास. तो काही माझ्यावरचा राग नव्हता, पण मला तो हात अजून आठवतो.

त्यानंतर वाटणी. शेत वाटलं, घर वाटलं, दोन मशिनं होती ती एकेक घेतली, आणि गाडं रिळांशी येऊन अडलं. पंच बसले होते. तिथं आपल्या सासूनं, आत्याबाईंनी, शब्द टाकला. रिळं शेतासारखी वाटा म्हणाल्या. आपल्याकडे वावर कसं वाटतात, नदीकाठचं चांगलं एकाला आणि माळाचं दुसऱ्याला असं करत नाहीत, प्रत्येक तुकडा मधोमध कापतात, म्हणजे कुणाला कमी-जास्त नको. तसं प्रत्येक सिनेमाचं करा. मध्यंतराच्या आधीची रिळं थोरल्याला, नंतरची धाकट्याला. पंचांनी माना डोलावल्या. शेत वाटायची सवय झालेली माणसं ती, त्यांना हे न्यायाचंच वाटलं. मेंढरांना करतात तशी खूण केली, आमच्या डब्यांना गेरूचं बोट आणि तुमच्या डब्यांना निळीचं. असे शहाऐंशी सिनेमांचे आरंभ मार्गासनीत राहिले आणि शहाऐंशी शेवट भोरला गेले. कुणाचाच तंबू पुन्हा उभा राहिला नाही. एकानं दुसऱ्याकडे जाऊन नुसतं म्हणायचं होतं, चल, लावू. पण हे जाणार नाहीत आणि ते येणार नाहीत. भावजी शिरवळच्या कंपनीत पाळीवर जायला लागले, तू शिलाई मशीन घेऊन बसलीस, आमचे हे भात आणि म्हशी करत राहिले.

आमच्याकडे हे वर्षातून दोनदा गोठ्याच्या भिंतीवर सिनेमा लावायचे, मध्यंतरापर्यंत. माझ्या दत्तानं लहानपणी असे कितीतरी सिनेमे पाहिले आणि एकाही हिरोइनचं शेवटी काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. तुमच्याकडे उलटं. मंगलला वाटायचं, सिनेमा मारामारीनंच सुरू होतो. ही दोघं भोरच्या कॉलेजात एका वर्गात आली तेव्हा डबा खाताना एकमेकांना अर्धे अर्धे सिनेमे सांगत बसायची, हे तुला ठाऊक होतं का? मला दत्तानं गेल्या आठवड्यात सांगितलं. बापांना कळू नये म्हणून दोघांनी तीन वर्षं गुपित ठेवलं. आणि आपण दोघी तरी काय निराळं करत होतो? बाजाराच्या दिवशी गाठ पडावी म्हणून मी नसलेली कामं काढून भोरला यायची, आणि वेल्ह्याच्या एसटीतून तुझ्याकडे आंबेमोहर कोण पाठवतंय ते भावजींनी एकदाही विचारलं नाही. खाताना मात्र दोनदा भात घ्यायचे असं तूच म्हणायचीस.

आता घडलं ते असं. माघात पुण्याहून एक मुलगी आली, जुनी रिळं सांभाळणाऱ्या कुठल्याशा संस्थेतली. कुणीतरी तिला सांगितलं की मार्गासनीत एका म्हाताऱ्याच्या घरी जिकडंतिकडं सिनेमे भरलेत. आली ती हातात पांढरे मोजे घालून माळ्यावर चढली, तीन तास खाली उतरली नाही. उतरली ती हसतच, म्हणाली, काका, यातले काही सिनेमे आम्हाला कुठंच मिळाले नव्हते, पण पुढची रिळं कुठं आहेत? आमचे हे खाली बघून म्हणाले, “भोरला हायेत.” आणि उठून गोठ्यात गेले. मग ती तुमच्याकडे गेली. तू नुकतीच इचलकरंजीला गेली होतीस. भावजींनी डबे काढून दाखवले, आणि तिनं पहिला डबा उघडला तसा आंबूस भपका आला, नासलेल्या ताकासारखा. दुसरा उघडला तर तसाच. तिनं सांगितलं, फिल्म जुनी झाली की तिच्यातून आंबट वाफ सुटते, आणि ती डब्यात कोंडून राहिली की आतल्या आत फिल्मच खाते.

आणि तुमच्याकडे कोंडूनच होती. तुला माहीत आहे ना भावजींनी ते डबे कसे जपले होते? प्रत्येक झाकणाला काळी पट्टी गुंडाळलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि तुझं लोखंडी कपाट रिकामं करवून त्यात मावतील तेवढे रचलेले, उरलेले भिंतीशी. तुझ्या साड्या एकोणीस वर्षं खाटेखाली राहिल्या. एवढी माया केली आणि मायेनंच घात झाला. इकडं आमच्याकडे मी कसली माया करते! डब्यांची झाकणं मी कधीच पळवली होती. त्यांच्यासारखं झाकण बाजारात मिळत नाही. एकावर मिरच्या वाळत घातल्या, एक रांजणावर ठेवलं, दोन-तीन कोंबड्यांच्या पाण्याला, उरलेली शेजारपाजारी गेली. हे ओरडायचे, “आगं बये, म्हागं ठिव ती, रिळं उघडी पडली!” मी जुन्या धोतरांचे तुकडे फाडून डब्यांवर टाकायची की झालं. कौलांतून वारा येतो माळ्यावर, रिळांना हवा लागत राहिली. रंग उडून सगळ्या नट्या गुलाबी झाल्यात ते सोड, पण आमची रिळं वळत नाहीत, चिकटत नाहीत आणि नाकाला लागत नाहीत. पुण्याच्या मुलीनं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, हे शास्त्र तुम्हाला कुणी शिकवलं? मी सांगितलं, कोंबड्यांनी.

ती मुलगी भोरहून गेल्यावर दोन दिवसांनी, सकाळच्या एसटीनं भावजी आले. आत्याबाई गेल्या तेव्हा आले होते ते सोडलं तर अंगणात त्यांचं पाऊल नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत एकच डबा. मी दाराशी होते. मला म्हणाले, “वैनी, दादा हाय का?” आणि आत आलेच नाहीत, अंगणात उभे राहिले. हे ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, मेल्या माणसा, आता तरी बघ. भावजींनी डबा पुढं धरला आणि अगदी लहान पोरासारखं विचारलं, “दादा, माजी रिळं आंबली रं. तुजी कशी न्हाई आंबली?” एकोणीस वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. ह्यांनी दोरी खाली ठेवली. डबा हातात घेतला, नाकाशी नेला, बोटानं फिल्म दाबून पाहिली. आणि म्हणाले, “बस. आदी च्या घे. मोहिने, च्या ठिव.” मी चहा ठेवायला आत गेले ती चुलीपुढं पदराला डोळे पुसतच बसले, आणि चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या भिमाचा टेम्पो घेऊन हे स्वतः भोरला गेले आणि तुमचं कपाट रिकामं करून आले. हो, तुझं कपाट आता रिकामं आहे, आल्यावर साड्या लाव. तेव्हापासून दोघं माळ्यावर आणि ओसरीवर. एकेक रीळ काढायचं, हातानं उलगडायचं, सावलीत वारा दाखवायचा, मऊ फडक्यानं पुसायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. ती मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि कसं करायचं ते दाखवते. हे दोघं तिचं ऐकतात आणि ती गेली की आपल्या मनासारखं करतात. शहाऐंशींपैकी बावीस सिनेमांचे शेवट गेले ते गेले, गुळाच्या ढेपेसारखे चिकटून बसलेत. बाकीचे वाचतील म्हणते. घरात पाऊल ठेवायला जागा नाही, मी पुन्हा नव्या नवरीसारखी डब्यांना ओलांडत स्वयंपाक करते. तक्रार करत नाही हं, नुसतं सांगते.

परवा दिवस मावळताना त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर तोच आंबवण्याच्या जत्रेतला सिनेमा लावला. सगळी वाडी आली, धनाजी सरपंच चटई घेऊन पुढं बसले. मध्यंतर झालं आणि अगं, काय सांगू, माणसं उठून चटया गुंडाळायला लागली! एकोणीस वर्षांची सवय. सिनेमा म्हणजे इथवरच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. भावजी मशीनमागून ओरडले, “बसा की! फुडं हाय अजून!” लोक परत बसले, काहीजण घरातल्या म्हाताऱ्यांना बोलवायला पळाले. आणि गंमत बघ, त्या सिनेमाचं बारावं रीळच सडलेलं निघालं होतं. अकराव्यात त्या माणसाचं लग्न लागलं आणि एकदम तेरावं सुरू झालं. म्हणजे आता तो मरतच नाही. सरपंच म्हणाले, “हेच बेस हाय. लगीन झाल्याव कशाला मारता त्येला?” सगळे हसले. हे मशीनजवळ उभे होते. त्यांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “त्याच रिळापायी तुला मारलं म्या.” भावजी म्हणाले, “सडलं त्ये बरं झालं, दादा.”  मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं. तू असायला हवी होतीस.

आता कबुली. आणखी लांबवता येत नाही, मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. पंचांनी वाटणीच्या आदल्या दिवशी खरं तर शहाणपणाची वाटणी काढली होती. त्रेचाळीस सिनेमे एकाला आणि त्रेचाळीस दुसऱ्याला, सगळे पुरे. यादी मीच लिहून दिली होती, डब्यांवरची नावं माझ्याच अक्षरातली ना. तसं झालं असतं तर तुमचा तंबू उभा राहिला असता, भावजींना रात्रपाळ्या कराव्या लागल्या नसत्या, आणि शिवून शिवून तुझे डोळे अधू झाले नसते. त्याच संध्याकाळी आत्याबाई रडत होत्या, माझी पोरं दोन वाटांनी जाणार म्हणत होत्या. तेव्हा सिनेमे मधोमध कापायची युक्ती मी त्यांच्या कानात घातली. मला वाटलं, एकाचं दुसऱ्यावाचून अडेल आणि महिन्याभरात दोघं एका तंबूत येतील. तू जाऊ नयेस, एवढाच माझा स्वार्थ होता, धनश्री. पुढं एकदा बनेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून तू म्हणालीस, आत्याबाईंना ही बुद्धी ज्यानं दिली त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. मी तुझ्या शेजारी बसून पेरू कापत होते, मी तुला फोड दिली आणि गप्प राहिले. आता हे दोघं भाऊ रोज सकाळी आत्याबाईंच्या फोटोला हार घालतात आणि म्हणतात, आई शहाणी व्हती, तिनं आमाला तुटू दिलं न्हाई. ते कौतुक मला घशाखाली उतरत नाही, आणि एकोणीस वर्षांचा दोष त्या माउलीच्या माथी राहू देणंही बरं नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मी नुसती मान डोलवीन. सगळ्यांत जास्त तुझं गेलं, म्हणून पहिल्यांदा तुलाच सांगितलं. रागाव. रागवायचा तुला हक्क आहे. माझं तोंड बघायचं नसलं तर पाठ करून बस, मी पाठीमागून तुझी वेणी घालीन. पण राग इथं येऊन कर, माझ्या चुलीपुढं बसून कर. आपल्या नवऱ्यांसारखी एकोणीस वर्षं लावू नकोस, आता माझ्याकडे तेवढी नाहीत.

तुझीच,
मोहिनी (अक्का म्हणायचं की नाही, ते तू ठरव)